लॅटेक्सची गादी घेताना: आधी चेन उघडा, मग पैसे द्या

भंगारवाल्याच्या काट्यावर आमची गादी १९ किलो भरली. ७२ बाय ६० इंचांची, सहा इंच जाडीची ती गादी आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला राहायला आलो तेव्हा 'लॅटेक्सची', म्हणजे रबराच्या चिकापासून बनवलेली, म्हणून घेतली होती. तिसऱ्या वर्षी मधोमध खड्डा पडला. रात्री दोघेही घरंगळत त्या खड्ड्यात यायचो आणि सकाळी कंबर धरून उठायचो. टाकून देण्याआधी मी एका कडेची शिवण उसवली. वर जेमतेम एक इंच लॅटेक्स आणि त्याखाली पाच इंच साधा फोम निघाला. बिलावर 'लॅटेक्स मॅट्रेस' एवढंच लिहिलेलं होतं. आत लॅटेक्स होतंच, त्यामुळे दुकानदाराशी भांडायलाही जागा उरली नाही.

त्यानंतर दोन गाद्या घेतल्या, एक आईसाठी ठाण्याच्या नौपाड्यात आणि एक आमच्यासाठी. या वेळी घाई केली नाही. विचारत, उघडून बघत, वजन करत घेतल्या. तो सगळा क्रम इथे देते आहे, कारण एवढे पैसे घालून कुणाचीही कंबर माझ्यासारखी दुखू नये.

आधी हे ठरवा: ही गादी तुमच्या घरासाठी आहे का?

तुम्ही रात्री जमिनीवर अंथरूण घालता आणि सकाळी गुंडाळून ठेवता का? मग लॅटेक्स घेऊ नका. ती रोज उचलण्याजोगी नसते, आणि पावसाळ्यात फरशीवर तशीच राहिली तर खालच्या बाजूला ओल धरून बुरशी येते. अशा घरासाठी पिंजून भरलेली कापसाची गादी आजही सर्वांत चांगली. ती उन्हात टाकता येते, दबली की पुन्हा पिंजून घेता येते. 'ऑरगॅनिक'च हवी असेल तर सेंद्रिय कापूस आणून गादीवाल्याकडून डोळ्यांदेखत भरून घ्या. कापूस नुसता कापूस असला म्हणून सेंद्रिय होत नाही. आपल्याकडचं बहुतेक कापसाचं पीक बीटी, म्हणजे जनुकं बदललेल्या बियाण्याचं असतं, त्यामुळे सेंद्रियपणाचा कागद मागावाच लागतो.

घरात कुणाला रबराची अ‍ॅलर्जी असेल, म्हणजे रबरी हातमोजे घातल्यावर किंवा फुगा फुगवल्यावर खाज, सूज, शिंका येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. ही अ‍ॅलर्जी झाडाच्या चिकातल्या प्रथिनांमुळे होते. गादी बनवताना धुण्यात ती बरीच निघून जातात, पण सगळी जातात असं नाही. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मोठ्यांच्या मऊ गादीवर झोपवू नये, मग ती गादी कितीही नैसर्गिक असो. बाळाला सपाट आणि घट्ट पृष्ठभागच लागतो.

भाड्याच्या घरात राहून दर ११ महिन्यांनी बिऱ्हाड हलवत असाल तर वजनाचाही विचार करा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये मोठी लिफ्ट मिळते. जुन्या चरईतल्या, नौपाड्यातल्या तीन मजली इमारतींत जिनाच आहे.

दुकानातले शब्द

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. झाडाच्या सालीला तिरकी खाच पाडून तो वाटीत गोळा करतात. आपल्या देशात सर्वांत जास्त रबर केरळात होतं. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही रबराच्या बागा आहेत, कोकणात जाता-येता झाडाला बांधलेल्या वाट्या तुम्ही पाहिल्या असतील. हा चीक यंत्रात फिरवून घट्ट करतात, त्यात गंधक वगैरे घालून फेस येईपर्यंत फेटतात, साच्यात ओततात आणि वाफेवर शिजवतात. इडलीसारखंच, फक्त साच्यात शेकडो खिळे असतात. उष्णता आतपर्यंत पोहोचावी म्हणून ते ठेवलेले असतात, आणि गादीत दिसणारी भोकं त्या खिळ्यांचीच. 'हवा खेळण्यासाठी खास भोकं' असं विक्रेते सांगतात. हवा थोडी खेळते हे खरं, पण भोकं असण्याचं मूळ कारण शिजवणं हे आहे.

या पद्धतीला डनलॉप म्हणतात. ती १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीत निघाली. आपल्या आजीच्या पिढीत कुठल्याही फोमच्या गादीला सरसकट 'डनलॉप' म्हणायचे, तो शब्द तिथूनच आलेला. दुसरी पद्धत टॅलाले. तिच्यात साचा अर्धाच भरून निर्वात करतात, फेस साचाभर पसरला की तो गोठवतात आणि मग शिजवतात. ती गादी जास्त मऊ आणि सगळीकडे सारखी होते, पण महाग पडते. डनलॉपमध्ये शिजताना जड भाग खाली बसतो, म्हणून ती खालून थोडी घट्ट असते. आपल्याला या दोन्हींत जीव अडकवायचं कारण नाही. चांगली डनलॉप पुरेशी आहे.

खरी फसगत होते ती पुढच्या शब्दांत. पेट्रोलियमपासून बनणाऱ्या रबरालाही लॅटेक्स म्हणतात, त्याचं नाव एसबीआर. त्यामुळे '१०० टक्के लॅटेक्स' लिहिलेल्या गादीत अर्धं कृत्रिम रबर असू शकतं. 'लॅटेक्स फील', 'लॅटेक्स प्लस', 'लॅटेक्स टॉप' असं काही लिहिलं असेल तर बहुधा वर एखादा इंच लॅटेक्स आणि खाली फोम समजा. काथ्यावर रबराचा फवारा मारून दाबलेली गादीही कधीकधी 'नैसर्गिक लॅटेक्स आणि कॉयर' म्हणून विकतात. ती वाईट नसते, फक्त ती वेगळी वस्तू आहे आणि तिची किंमतही वेगळी असायला हवी.

'नॅचरल' आणि 'ऑरगॅनिक' यांतही फरक आहे. नॅचरल म्हणजे रबर झाडाचं. ऑरगॅनिक म्हणजे ती बागही रासायनिक खत-फवारणीशिवाय वाढवलेली, आणि बागेपासून कारखान्यापर्यंत प्रत्येक टप्प्याची तपासणी झालेली.

वजनाचा हिशेब, जो मी पहिल्या वेळी केला नाही

माझ्या मते गादी पारखण्याचं पहिलं साधन तराजू आहे. चांगल्या नैसर्गिक लॅटेक्सची घनता साधारण ७० ते ९० किलो प्रति घनमीटर असते. गाद्यांमध्ये वापरला जाणारा साधा फोम बहुधा २८ ते ४० च्या आसपास असतो.

हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, जाडी इंचात गुणा आणि ६१,०२४ ने भागा, की घनमीटर मिळतात. आमच्या मापाचं बघा: ७२ गुणिले ६० गुणिले ६, म्हणजे २५,९२०. त्याला ६१,०२४ ने भागलं की सुमारे ०.४२५. आता ८० घनतेचं पूर्ण लॅटेक्स असेल तर ३४ किलो व्हायला हवेत. ३२ घनतेचा पूर्ण फोम असेल तर साडेतेरा. एक इंच लॅटेक्स आणि पाच इंच फोम असेल तर १७, आणि वर कव्हरचे दोनेक किलो. भंगारवाल्याच्या काट्याने मला जे १९ सांगितले ते हेच.

दुकानात सरळ विचारा: "काका, या मापाच्या गादीचं कव्हर सोडून वजन किती भरेल?" जो खरोखर लॅटेक्स विकतो त्याला हा आकडा पाठ असतो, कारण टेम्पोवाला आणि हमाल त्यालाही तेच विचारतात. जो "ताई, वजनाचं काय घेऊन बसलात, क्वालिटी बघा" म्हणतो, तिथून मी तरी उठते.

मग किंमत भागिले वजन करा. दोन दुकानांच्या भावांची तुलना इंच आणि नावांवरून होत नाही, रबराच्या किलोवरून होते. आठ इंचांची स्वस्त गादी आणि सहा इंचांची महाग गादी यांच्यात कुठली परवडते, हे या एका भागाकारात कळतं.

वजनाची एक मर्यादाही सांगते. खडूची किंवा चिकणमातीची पूड मिसळून रबर जड करता येतं. म्हणून नुसत्या वजनावर थांबू नका, आत बघा.

चेन उघडून काय बघायचं

कव्हरला चेन असलेलीच गादी घ्या. चारही बाजूंनी शिवून बंद केलेली गादी मी आता घेत नाही, मग ती कुणाचीही असो. चेन उघडल्यावर कडेने थर मोजा. पूर्ण लॅटेक्सच्या गादीत वरपासून खालपर्यंत भोकं दिसतात आणि रंग सायीसारखा असतो.

मग हात लावा. मूठ दाबून सोडली की लॅटेक्स लगेच वर येतं, हाताला मागे ढकलतं. मेमरी फोम सावकाश येतो, तळव्याचा ठसा क्षणभर राहतो. कोपऱ्याचा भाग चिमटीत धरून हळूच ताणा. चांगलं रबर ताणलं जातं आणि परत येतं. पूड मिसळलेलं रबर कडक लागतं, चिमटीत तुटू बघतं. अंगठ्याने घासल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागली तर ती गादी सोडा. आईची गादी घेताना दुसऱ्या दुकानात मला नेमकं हेच दिसलं. वजन बरोबर होतं, कागदही होते, पण काळ्या ओढणीवर घासल्यावर खडूसारखा पट्टा उठला.

वास रबराचा, किंचित गोडसर येतो आणि थोड्या दिवसांत जातो. डोळ्यांत झोंबणारा, रंगासारखा वास येत असेल तर बहुधा थर चिकटवायच्या गोंदाचा असतो. गोंद पाण्यावर आधारित आहे का ते विचारा, किंवा न चिकटवलेले, एकावर एक ठेवलेले थर घ्या. नमुन्याचा तुकडा जाळून दाखवणारे विक्रेते असतात. त्याने काहीच सिद्ध होत नाही आणि धूर छातीत जातो, तेव्हा नको म्हणा.

कागद कुठला कशाचा

जीओएलएस हे सेंद्रिय लॅटेक्सचं प्रमाणपत्र आहे. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त कच्चा माल प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. जीओटीएस कापडाचं आहे, म्हणजे कव्हरच्या कापसाचं. त्याच्या चिठ्ठीवर 'ऑरगॅनिक' लिहिलं असेल तर किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय, 'मेड विथ ऑरगॅनिक' असेल तर किमान ७० टक्के. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० सेंद्रियपणाबद्दल काहीच सांगत नाही. ते फक्त घातक रसायनं ठरावीक मर्यादेत आहेत की नाहीत एवढंच तपासतं. त्यातला पहिला वर्ग बाळांच्या वस्तूंसाठी, म्हणजे सर्वांत कडक.

दुकानात फ्रेममध्ये लावलेलं प्रमाणपत्र बघून समाधान मानू नका. तीन गोष्टी वाचा. नाव कुणाचं आहे? बऱ्याचदा ते रबर पुरवणाऱ्या कारखान्याचं असतं, गादी बनवणाऱ्याचं नसतं. वस्तू कुठली लिहिली आहे? कव्हरच्या कापडाचं प्रमाणपत्र दाखवून अख्खी गादी ऑरगॅनिक म्हणून विकली जाते. मुदत कधी संपते? प्रमाणपत्रावरचा नंबर मोबाईलवर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तिथेच टाकून बघता येतो, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पैसे मोजूनमापून असतील तर माझं मत स्पष्ट आहे. ऑरगॅनिक शिक्क्यासाठी जाडी कमी करू नका. ओएको-टेक्स तपासलेलं, कृत्रिम रबर न मिसळलेलं सहा इंचांचं नैसर्गिक लॅटेक्स हे चार इंचांच्या ऑरगॅनिकपेक्षा मोठ्या माणसाच्या पाठीला जास्त आधार देतं.

कडक की मऊ

"पाठ दुखते? मग कडक गादी घ्या" हे आपल्याकडे शेजारणीपासून दुकानदारापर्यंत सगळे सांगतात. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना काही महिने कडक किंवा मध्यम कडक गादी दिली होती, आणि मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला. तेव्हा 'ऑर्थोपेडिक' लिहिलेली फळीसारखी गादी डोळे मिटून घेऊ नका. मणक्याचा आजार किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र आपल्या डॉक्टरांचंच ऐका.

दुकानात चप्पल काढा आणि तुम्ही घरी झोपता त्याच कुशीवर १५ मिनिटं पडा. लाज वाटते, मलाही वाटली. आईला तर "लोकांसमोर कसं झोपायचं गं" म्हणून मनवावंच लागलं. शेवटी दुपारी, गर्दी नसताना गेलो आणि मी तिच्या शेजारी पडले. उताणं पडून कमरेखाली हात घाला. हात सहज आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक आहे, हात अजिबात शिरला नाही तर फार मऊ. कुशीवर पडल्यावर खांदा दुखू लागला तर एक पायरी मऊ घ्या. वजन ६० किलोच्या आत असेल तर मऊकडे झुका, ९० च्या वर असेल तर घट्टकडे. नवरा-बायकोच्या वजनात बराच फरक असेल तर एकाच कव्हरात दोन वेगळे तुकडे मिळतात, आणि त्याचा दुसरा फायदा जिन्यात कळतो.

माप, पलंग आणि जिना

सिडकोच्या घरांत बेडरूम लहान, म्हणून सुताराकडून बनवलेला पलंग कुठल्याच ठरीव मापाचा नसतो. चौकटीचं आतून आत माप घ्या, तीन ठिकाणी, आणि सर्वांत लहान आकडा धरून अर्धा इंच कमी सांगा. मापाने कापलेली गादी बहुधा परत घेत नाहीत, हे आधीच विचारून ठेवा.

आपल्याकडचा पलंग म्हणजे प्लायवूडचा पेटीपलंग, आत गोधड्या, सुटकेस, दिवाळीचे कंदील. वरची फळी अखंड असेल तर घामाची ओल खाली जाऊन अडकते. सुताराला सांगून फळीला हातभर अंतरावर एकेक इंचाची भोकं पाडून घ्या. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर लॅटेक्स त्यात खचतं.

७८ बाय ७२ ची सहा इंच गादी ४४ किलोंची होते. लवचीक असल्यामुळे ती धरायला जागा सापडत नाही, ओल्या सतरंजीसारखी लोंबते. आईच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोन अर्धे तुकडे मागवले, २२-२२ किलोंचे, आणि दोन माणसांनी ते सहज चढवले. जिना चढवण्याचे वेगळे पैसे आहेत का, सोसायटीत टेम्पो किती वाजेपर्यंत आत सोडतात, हे आधी विचारलेलं बरं.

बिल आणि डिलिव्हरीचा दिवस

बिलावर हे शब्द लिहून घ्या: नैसर्गिक रबर लॅटेक्स, कृत्रिम रबर नाही, प्रत्येक थराची जाडी इंचात, घनता, एकूण वजन. 'लॅटेक्स मॅट्रेस' एवढ्या दोन शब्दांवर सही करू नका. वॉरंटीत किती खोल खड्डा पडल्यावर गादी बदलून देतात ते वाचा, आणि कव्हरवर डाग पडला तर वॉरंटी जाते का तेही. ऑनलाइन घेताना १०० रात्री वापरून परत करायची मुदत मिळत असेल तर परत न्यायला माणूस कोण पाठवणार, पैसे कोण भरणार, हे ईमेलवर लेखी घ्या.

गादी आली की माणसं थांबलेली असतानाच चेन उघडा, थर मोजा, फोटो काढा. बाथरूममधल्या वजनकाट्यावर एकाने गुंडाळी धरून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. सांगितल्यापेक्षा दोन किलो इकडेतिकडे चालतात, दहा किलो चालत नाहीत. तक्रार करूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे तुमचं ते सविस्तर बिलच कामाला येतं.

घरी आल्यावर: ऊन नको, तेल नको, रॉकेल तर नकोच

आपली सवय चैत्र-वैशाखात गाद्या गच्चीवर टाकायची. लॅटेक्स उन्हात टाकलं की वरचा थर पिवळा पडून ठिसूळ होतो आणि त्याचे कण गळू लागतात. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगावर येत असेल तर पडदा लावा किंवा चादर नेहमी घातलेली ठेवा. हवा द्यायची असेल तर सावलीत, पंख्याखाली.

तेलाने रबर फुगतं. डोक्याला तेल लावून झोपणाऱ्यांनी लॅटेक्सच्या उशीला आतून एक जाड सुती अभ्रा आणि वरून दुसरा घालावा. ढेकूण झाले की पलंगाच्या फटींत रॉकेल ओतायचा जुना उपाय आहे, तो लॅटेक्सजवळ करू नका, रॉकेलमध्ये रबर सुजून निकामी होतं. लॅटेक्समध्ये ढेकूण होत नाहीत असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका. ते राहतात लाकडाच्या फटींत आणि कव्हरच्या शिवणीत. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी गादी दुसऱ्या खोलीत उभी करा आणि फवारा फक्त लाकडावर मारायला सांगा.

जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या आपल्या घरांत कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा हिरवी होते. या महिन्यांत आठवड्यातून एकदा चादर काढून गादीची एक बाजू उचला, खाली दोन जाड उशा सरकवा आणि तासभर पंखा चालू ठेवा. पेटीचं झाकणही त्याच वेळी उघडं ठेवा. पूर्ण प्लास्टिकचं आवरण घालू नका, त्याने घाम साचतो. लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर वर सुती टर्किश आणि खाली पातळ जलरोधक पडदा असलेलं आवरण घ्या. तरीही ओली झालीच तर सुक्या टॉवेलने दाबून पाणी टिपा आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा. पिळायची नाही आणि हेअर ड्रायरने तापवायचीही नाही.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करा. मी कव्हरच्या आत कोपऱ्यावर पेनने तारखा लिहून ठेवते. त्या निमित्ताने चेन उघडली जाते आणि कडेवर नखाने हलकं खरवडून बघता येतं. नुसता रंग पिवळसर झाला असेल तर काळजी नाही, नखाखाली चुरा आला तर ती बदलायची वेळ आली. तेव्हाही कडेचा भाग बहुधा धड असतो. पाव कापायच्या दातेरी सुरीने तो नीट कापला जातो, आणि सोफ्याच्या दोन-तीन उशा सहज भरून होतात.